गाडीला किक मारायच्या आधी

सर,
मी २७ वर्षांचा आहे. एका औषध कंपनीत एम.आर. (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह) म्हणून चार वर्षं झाली. हेडक्वार्टर सातारा. कोरेगाव, वाई, फलटण, दहिवडी ही एक्स-स्टेशनं, म्हणजे सकाळी जाऊन त्याच दिवशी परत यायची गावं, आणि महिन्यातून दोनदा पाटण-कोयनानगरची नाइट हॉल्ट. यादीत १४० डॉक्टर, चाळीसेक केमिस्ट, पाच स्टॉकिस्ट (घाऊक विक्रेते). कंपनीचा टॅब आहे, त्यात रिपोर्टिंगचं ॲप. माझा फोन वेगळा. त्यात नोट्सची दोन ॲप, कॅलेंडर, व्हॉट्सॲपचे अकरा ग्रुप. शिवाय बॅगेत डायरी. एवढं असून वेळेला काही म्हणता काही सापडत नाही. फलटणच्या एका मुलांच्या डॉक्टरांना सिरपची सँपल आणतो म्हणालो आणि सलग दोन फेऱ्या विसरलो. तिसऱ्या फेरीला त्यांनी आतूनच निरोप पाठवला, ‘आज वेळ नाही म्हणावं.’ एरिया मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाले की तू ऑर्गनाइज्ड नाहीस. रात्री साडेदहाला रिपोर्ट भरत बसतो, म्हणून बायको बोलत नाही. वडील म्हणतात, डायरी वापर. बाजारात पेनाने लिहायचा टॅब २५ हजारांत मिळतोय, बोनसचे पैसे शिल्लक आहेत. घेऊ का? की एखादं चांगलं ॲप सांगता? (बॅगेची चेनपण गेलीय, सेफ्टी पिनांवर चाललंय. पण तो विषय वेगळा.)
— एक एम.आर., सातारा

मित्रा,

आपल्या लाइनीत सगळेच एकमेकांना सर म्हणतात. पण मी तुझ्याहून तीस वर्षांनी मोठा, आणि त्यातली बरीच वर्षं याच रस्त्यांवर बॅग घेऊन हिंडलोय, तेव्हा अरे-तुरेच करतो. राग मानू नकोस.

टॅब घेऊ नकोस. तुझ्याकडे आत्ताच लिहायच्या पाच जागा आहेत, सहावी झाली तर विसरायला आणखी एक जागा मिळेल. पत्र दोनदा वाचलं. ‘कशात लिहू’ हे तू तीनदा विचारलंयस. ‘कधी लिहू’ हे एकदाही नाही. फलटणची सँपल तिथेच हुकली. डॉक्टरांना दुपारी दोनला ‘आणतो’ म्हणालास, आणि लिहायला बसलास रात्री साडेदहाला. मधल्या साडेआठ तासांत आणखी आठ-नऊ कॉल, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी, झाल्या, स्टॉकिस्टकडे क्लोजिंगवरून, म्हणजे शिल्लक मालावरून, वाद झाला, मॅनेजरचे चार फोन आले, आदर्कीच्या घाटात पाऊस लागला. एवढ्यातून एक सिरप घरापर्यंत जिवंत येईल कसं?

एक गोष्ट सांगतो. हातात धरून काम आवरायच्या यंत्रांत जे खरोखर चाललं, ते पाम पायलट. अमेरिकेत १९९६ साली आलं. ते काढणारा जेफ हॉकिन्स नावाचा इंजिनिअर. यंत्र बनवायच्या आधी त्याने त्याच मापाचा लाकडाचा ठोकळा कापला, आणि तो खिशात घालून कितीतरी दिवस हिंडला. कुणी विचारलं, ‘अमक्या दिवशी वेळ आहे का?’ की हा ठोकळा बाहेर काढायचा आणि काडीने त्यावर टकटक करून बघितल्यासारखं करायचा. लोकांना वाटलं असणार, याचं डोकं फिरलं. पण त्याला एवढंच बघायचं होतं की माणूस ही वस्तू खिशातून काढेल का, कितीदा काढेल, काय करायला काढेल. तो ठोकळा आता कॅलिफोर्नियातल्या संगणकांच्या संग्रहालयात आहे. तुझ्याकडे ठोकळ्यापेक्षा बराच शहाणा फोन आहे. पंधरा दिवस नवीन काही न घेता त्याच फोनवर मी सांगतो तेवढं करून बघ. त्यानंतरही टॅब हवासा वाटला तर पैसे कुठं पळून जात नाहीत.

हे मी शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाहीये, हे आधी कबूल करतो. २००१ साली मी स्वतः त्याच जातीचं एक यंत्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलं. करड्या पडद्याचं, दोन बारीक पेन्सिल सेलवर चालणारं. त्यात काडीने लिहायचं, आणि तेही त्याच्या पद्धतीने, प्रत्येक अक्षर एका रेघेत. ती लिपी शिकायला मला आठवडा लागला, आणि नंतर महिनाभर घरच्या किराण्याची यादीही मी तसल्याच अक्षरात लिहीत होतो. सगळे डॉक्टर, त्यांच्या वेळा, वाढदिवस, कोण काय लिहितो, कुणाला काय कबूल केलंय, सगळं त्यात भरलं. ऑफिसातले लोक बघायला यायचे. मग म्हसवडच्या एका लॉजवर रात्री सेल संपले. असल्या यंत्रांची मेमरी सेलच्या जिवावर असायची. सकाळी नवे सेल टाकले तर यंत्र कोरं करकरीत, फॅक्टरीतून आल्यासारखं. कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेली प्रत होती, पण दोन महिन्यांपूर्वीची, आणि ती पुण्यात भाच्याच्या घरी. सेल संपत आल्याची सूचना त्याने दोन दिवस दिली होती, मीच ‘उद्या बघू’ म्हणून खोडत होतो. चूक सगळी माझी. त्या दिवशी म्हसवडमध्ये मी एका कंपाउंडरच्या टेबलाशी बसून, त्याच्या वहीतून डॉक्टरांच्या वेळा उतरवून घेतल्या. बिचाऱ्याने वर चहा पाजला.

आता तुझ्या कामाकडे येऊ.

केबिनमध्ये फोन काढायचा नाही. हे तुला पटणार नाही, कारण कंपनीने व्हिज्युअल एड, म्हणजे डॉक्टरांना दाखवायची औषधांची चित्रं-माहिती, टॅबवरच दिलंय. टॅब दाखवायचा तेवढा दाखव, तो डॉक्टरांसाठी आहे. पण डॉक्टर बोलत असताना तू स्वतःच्या फोनमध्ये मान घातलीस तर त्यांना दिसतं ते एवढंच, की हा पोरगा मेसेज बघतोय. तू त्यांचंच वाक्य टिपून घेतोयस हे त्यांना कळायला मार्ग नाही. त्याच जागी खिशातलं बोटभर नोटपॅड काढून, पेनाने दोन शब्द लिहिलेस तर तेच डॉक्टर थांबतात, आणि कधी कधी दोन वाक्यं जास्तीची सांगतात. आपण बोललेलं कुणीतरी लिहून घेतंय हे कुणालाही आवडतं. तुझ्या वडिलांचा मुद्दा इथं बरोबर आहे. डायरी म्हणजे मात्र ती जाडजूड, वर्षाची, सोनेरी कडांची नव्हे. ती टेबलावर शोभते. दहा रुपयांचं, वरून उलटायचं नोटपॅड घे. त्यात फक्त खुणेचा शब्द लिहायचा: ‘सिरप २’. बस.

मग बाहेर ये. केमिस्टकडे वळू नकोस, कुणाला फोन लावू नकोस. गाडीपाशी उभा राहा आणि किक मारायच्या आधी फोन काढ. (किक कसली, आता सगळ्यांचं बटण. पण माझ्या तोंडात तेच बसलंय.) चाळीस सेकंद लागतात. नोंदीत चारच गोष्टी हव्यात: कोण, काय कबूल केलं, कधीपर्यंत, आणि पुढच्या वेळी गाठायचं कसं. तुझी ती फलटणची नोंद अशी झाली असती:

‘फलटण मुलांचे डॉ. सिरप सँपल २. मंगळवारी देतो म्हणालो. दीडनंतर मोकळे, आधी कंपाउंडरला फोन.’

टायपिंगचा कंटाळा येत असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोल, तो लिहून घेतो. औषधांच्या नावांची तो पार वाट लावतो. मी एकदा ‘सेफिक्झिम’ म्हणालो तर त्याने ‘साफ किसन’ लिहिलं होतं. पण रात्री वाचताना मला किसन कोण ते कळलं, तेवढं पुरे. रेंज नसेल तिथं नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेव.

ही नोंद कुठं करायची, यावर मी तुझ्याशी तासभर वाद घालू शकतो, पण घालणार नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय २०२२ च्या अखेरीस आली, ती वापर. नोट्सची दोन्ही ॲप काढून टाक. ती वाईट आहेत म्हणून नव्हे. दिवसातून शंभरदा तू जे उघडतोस तिथेच नोंद पडली पाहिजे, एवढंच. स्वतःच्या नावाचा चॅट वर पिन करून ठेव. रेंज नसली तरी मेसेज घड्याळाची खूण दाखवत तिथं थांबतो, हरवत नाही. कोयनानगरच्या बाजूला तुला याचा उपयोग होईल.

तो चॅट ही तुझी पाटी आहे, कपाट नव्हे. पाटी रोज पुसायची. कधी, ते पुढं सांगतो.

कपाट तुझ्या फोनमध्ये पहिल्या दिवसापासून आहे आणि तू ते नावांपुरतंच वापरतोयस. कॉन्टॅक्ट लिस्टबद्दल बोलतोय. तुझ्या फोनमध्ये डॉक्टर कसे सेव्ह आहेत सांगू? ‘डॉ. अमुक सर’, ‘डॉ. तमुक सर नवीन’, ‘डॉ. अमुक सर २’. बरोबर? आता गाव पुढं घे. ‘फलटण – मुलांचे – डॉ. अमुक – मंगळ शुक्र २ वाजता’. ‘फलटण – केमिस्ट – स्टँडसमोर’. ‘फलटण – स्टॉकिस्ट’. ‘फलटण – पंक्चर’. हसू नकोस, पंक्चरवालाही घाल. आता वाठारच्या पुढं आलास की चहाच्या टपरीवर फोनमध्ये ‘फलटण’ एवढं टाइप कर. अख्खं गाव ओळीने समोर उभं राहील, वेळांसकट. रेंज नको, ॲप नको, पैसे नकोत. डॉक्टरांची वेळ बदलली की नावातच बदल. दारावर पाटी असते ना, ‘एम.आर. फक्त मंगळवार व शुक्रवार, २ ते २.३०’, ती आपण डोक्यात ठेवायला बघतो. १४० पाट्या डोक्यात राहत नाहीत रे. मी प्रयत्न करून बघितलाय.

नावाखाली नोंदीची जागा असते. तिथं कंपाउंडरचं नाव लिही. डॉक्टरांचा वाढदिवस सगळेच लिहितात, तुझ्यासारखे आणखी पंधरा जण केक घेऊन त्या दिवशी रांगेत असतात. कंपाउंडरला नावाने हाक मारणारे दोन असतात. कुणाला आत सोडायचं ते तो ठरवतो.

१४० नावं एका बैठकीत बदलायला बसलास तर कंटाळून चाळीसवर सोडशील. ज्या दिवशी जे गाव, त्या दिवशी तेवढीच नावं. महिन्याचा टूर प्रोग्राम एकदा फिरून आला की यादी आपोआप झालेली असेल.

कॅलेंडरचं थोडक्यात. त्यात फक्त ठरलेल्या वेळा टाक, इच्छा टाकू नकोस. ‘वडूजला नवीन डॉक्टर बघणे’ असलं काहीतरी कॅलेंडरमध्ये टाकलं की तीन दिवसांनी आपण त्याच्या घंटीला बहिरे होतो, आणि मग खरी घंटीही ऐकू येत नाही. आणि घंटी भेटीच्या वेळेची लावू नकोस, निघायच्या वेळेची लाव. फलटणला दोनची वेळ असेल आणि फोन पावणेदोनला वाजला, तेव्हा तू कोरेगावात असशील तर तो वाजून उपयोग काय? सकाळी साताऱ्यातून कधी निघायचं, कोरेगावातून कधी सुटायचं, त्या वेळा लाव. आठवडी बाजाराच्या दिवशी स्टँडच्या बाजूला गाडी निघत नाही, तेही धरून चाल.

घाटाच्या आणि धरणाच्या बाजूची तयारी आदल्या रात्री घरच्या वायफायवर करायची. नकाशाचा तेवढा तुकडा फोनमध्ये उतरवून घे, तो रेंज नसतानाही चालतो. टॅबमधलं व्हिज्युअल एड उघडून बघ, पूर्ण उतरलंय की नुसतं गोल फिरतंय. डॉक्टरांसमोर गोल फिरताना बघण्यासारखं दुसरं लाजिरवाणं काही नाही. दोन सिम असतील तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची ठेव.

आता चार्जिंग. फोन मेला की वरचं सगळं रामायण फुकट. तू बाइकवर हिंडतोस म्हणून जरा सविस्तर लिहितो. दहा हजार एमएएचची पॉवर बँक घेतलीस तर त्यातले फोनपर्यंत सहा-साडेसहा हजारच पोचतात. ती फसवणूक नसते. आतल्या सेलचा दाब ३.७ व्होल्ट, फोनला द्यायचा ५ व्होल्ट, त्या बदलात आकडा घटतो आणि थोडं उष्णतेत जातं. म्हणजे पाच हजाराचा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडासा. एका नाइट हॉल्टला पुरे. उन्हाळ्यात दहिवडी-म्हसवडच्या उन्हात फोन हँडलवर लावून चार्जिंगला ठेवू नकोस. या बॅटऱ्यांना थंडीपेक्षा गरमी जास्त खाते, आणि ऊन अधिक चार्जिंग म्हणजे दुहेरी मार. शिवाय इंजिनाच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिर करणारी यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलने स्वतः २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. हँडल फोनसाठी नाहीच. चालवताना हातात फोन धरणं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये, सरळ नाव घेऊन घातलंय. मॅनेजरचा फोन आला तर वाजू दे. मी एक सहकारी असाच गमावलाय, त्याच्याबद्दल जास्त लिहवत नाही.

बिलं. महिनाअखेरीला एक्स्पेन्स भरताना तुझी किती बिलं कोरी निघतात? पेट्रोल पंपावर मशिनमधून येणारा तो गुळगुळीत कागद उष्णतेने छापलेला असतो. पाकिटात, खिशाच्या उबेत, आठ-पंधरा दिवसांत तो पुसट होतो, आणि जूनचं बिल जुलैत हातात घेतलं तर नुसता पांढरा चिटोरा. पंपावरच, गाडी बाजूला घेऊन फोटो काढ. लॉजच्या बिलाचाही. महिन्याच्या नावाने एक अल्बम कर, ‘जून बिलं’, आणि फोटो लगेच त्यात टाक, नाहीतर लग्नाच्या फोटोंत बिल हुडकत बसशील. आमच्या वेळी मी एका महिन्याचे सतराशे रुपये असे पुसट कागदांत घालवले होते, आणि अकाउंट्सवाल्याने कागद उजेडाकडे धरून मला विचारलं होतं, ‘यात दिसतंय काय तुम्हाला?’

फोटोचा विषय निघालाच आहे तर एक बजावतो. केमिस्टकडे ऑडिट करताना, म्हणजे कोण कुठलं औषध लिहितंय ते बघताना, प्रिस्क्रिप्शनचे फोटो काढायची सवय हल्ली बऱ्याच पोरांना लागलीय. काढू नकोस. त्यावर पेशंटचं नाव असतं, आजार असतो. कुणाच्या बायकोला कसली गोळी चालू आहे हे तुझ्या गॅलरीत असायचं कारण नाही. कोणती ब्रँड, किती पट्ट्या, कुणी लिहिली, एवढे आकडे नोटपॅडवर टीप आणि पुढं चल.

सँपलची नोंद मात्र फोनमध्ये तारखेसकट हवी. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठी जी संहिता आणली, यूसीपीएमपी, तिच्यात एका डॉक्टरला एका औषधाचे वर्षाला बाराच सँपल पॅक, आणि एक पॅक जास्तीत जास्त तीन पेशंटना पुरेल एवढाच, अशी मर्यादा घातलीय. कुणाला काय किती कधी दिलं याचा हिशेब कंपनीला ठेवावा लागतो, म्हणजे शेवटी तो तुझ्याकडेच मागणार. सँपल हातातून गेली की पाटीवर ओळ पडली पाहिजे. शिवाय फलटणसारखं ‘दिली की नाही दिली’ हे कोडं पुन्हा पडणार नाही.

व्हॉट्सॲपचे अकरा ग्रुप. एरिया मॅनेजरचा आणि स्टॉकिस्टचा सोडून बाकी नऊ म्यूट कर. सुप्रभातची फुलं संध्याकाळीही ताजीच असतात.

आता रात्रीचं. बायकोचं मला पटतं. रिपोर्ट घरी न्यायचाच नाही. शेवटच्या गावातला शेवटचा केमिस्ट झाला की त्याच्याच बाकड्यावर, किंवा परत येताना पुसेगावात चहाला थांबशील तिथं, पंधरा मिनिटं बस. आधी पाटी उघड. खालून वर एकेक ओळ घे. रिपोर्टमध्ये जायची ती कंपनीच्या ॲपमध्ये भर. ठरलेली वेळ असेल ती कॅलेंडरमध्ये टाक. डॉक्टरांची कायमची माहिती असेल ती त्यांच्या नावात किंवा नावाखाली. आणायची वस्तू असेल ती उद्याच्या बॅगेच्या यादीत, आणि ती यादी एकच, त्याच चॅटमध्ये सगळ्यात शेवटचा मेसेज म्हणून. बाकीच्या ओळी पुसून टाक. सकाळी बॅग भरताना वाचायला तेवढा एकच मेसेज उरला पाहिजे. आठ कॉलची पाटी पुसायला मला बारा-तेरा मिनिटं लागायची, आणि माझी बोटं तुझ्यापेक्षा जाड आहेत. ॲपवाले रात्रीचा रिपोर्ट स्वीकारतात म्हणून आपण रात्री भरतो, नाहीतर दुपारचं दुपारी आठवत असतंच. रात्री साडेदहाला भरलेल्या रिपोर्टमध्ये अर्धं कल्पनेतून आलेलं असतं हे तुलाही माहीत आहे, मलाही, आणि तुझ्या मॅनेजरलाही. तोही एकेकाळी बॅग घेऊनच हिंडत होता.

एक फरक ध्यानात ठेव. कंपनीचं ॲप कंपनीसाठी आहे. तू कुठल्या चौकात किती वाजता होतास, किती कॉल मारलेस, हे तिला हवंय. हवं असू दे, पगार देते. पण त्या ॲपमध्ये तुझी आठवण राहत नाही, आणि नोकरी बदललीस की टॅब परत करताना आतलं सगळं कंपनीकडे जातं. चार वर्षांत तू माणसं जोडलीस, कंपाउंडरांची नावं शिकलास, कुणाचं बाळ आजारी होतं ते तुला ठाऊक आहे. ते तुझ्या स्वतःच्या फोनमध्ये, तुझ्या अकाउंटवर ठेव. डॉक्टरांची विक्री, स्टॉकिस्टचे दर असल्या कंपनीच्या गोष्टी मात्र त्यात मिसळू नकोस.

फोन हरवायची तयारी आजच कर. कॉन्टॅक्ट गूगल अकाउंटवर जातायत ना, सेटिंगमध्ये एकदा डोळ्यांनी बघ. म्हसवडची रात्र मला पुरून उरली, तुला नको. *#०६# डायल केलंस की पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो, तो घरी लिहून ठेव. फोन गेला तर पोलिसांत आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करायला तो लागतो. आणि एका कागदावर घरचा, मॅनेजरचा, स्टॉकिस्टचा असे चार-पाच नंबर लिहून पाकिटात ठेव. बायकोचा नंबर तुला पाठ आहे का? मला माझ्या सौ.चा नव्हता. एकदा कराडच्या स्टँडवर फोन पाण्यात पडला आणि मी अर्धा तास कॉइनबॉक्ससमोर उभा होतो. खिशात रुपया होता, नंबर नव्हता.

मॅनेजर म्हणाले ते मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्यांदेखत बोलायला नको होतं, पण ऑर्गनाइज्ड असणं हा काही रक्तगट नाही. मला या लाइनीत भेटलेली सगळ्यात नीटनेटकी माणसं स्वभावाने अतिशय विसरभोळी होती. आपल्याला आठवणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून ती लगेच लिहायची. हुशार स्मरणशक्तीवाले मात्र सगळे कधी ना कधी आपटले.

फलटणच्या डॉक्टरांकडे पुढच्या मंगळवारीच जा. आधी कंपाउंडरला फोन करून विचार, किती वाजता बरं पडेल. आत गेल्यावर बॅगेतून सिरपची सँपल काढून टेबलावर ठेव आणि म्हण, ‘सर, हे मागेच द्यायचं होतं, माझ्याकडून राहिलं.’ एवढंच. लांबण लावू नकोस, कारणं सांगू नकोस, बाहेर वीस पोरं खोकत बसलेली असतात. त्या दिवशी नवीन प्रॉडक्ट काढू नकोस. टॅबही काढू नकोस. नमस्कार कर आणि ये बाहेर. मग गाडीपाशी उभा राहून पाटीवर लिही: ‘दिली’.

आणि पंचवीस हजारांतले तीन-चारशे रुपये घेऊन साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला कुणीतरी बॅग शिवणारा गाठ. चेन बदलून घे, जरा जाड दातांची टाकायला सांग. सेफ्टी पिनांच्या बॅगेतून सँपल काढताना तुझं एक बोट कायम सोललेलं असणार, आणि डॉक्टरांचं लक्ष तिथंच जातं.